आधी दारू की आधी उदासी?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. ईडापीडा, रोगराई घेऊन जा, असे लोक तिला ओरडून सांगतात. सारा मोहल्ला रस्त्यावर असतो. पण एखाद्या घरातला माणूस मात्र खाटेवरून उठत नाही. तो रोज दारू पितो, कामावर जात नाही, कुणाशी बोलत नाही. शेजारी म्हणतात, ‘आळशी आहे.’ तुम्हाला काय वाटते?

आता त्याच्या मेंदूत काय घडते ते पाहू. मेंदूतील पेशी रसायनांच्या साहाय्याने एकमेकींना निरोप धाडतात. काही निरोप पेशींना चेतवतात, काही शांत करतात. दारूमुळे शांत करणाऱ्या निरोपांचा जोर वाढतो, म्हणून काळजी घटकाभर हलकी वाटते. पण रोज दारू आली की तोल सावरण्यासाठी मेंदू स्वतःच बदलतो. मग दारू उतरताच बेचैनी वाढते, झोप उडते, मन खिन्न होते. ते घालवायला माणूस पुन्हा पितो. त्यात काम सुटते, मित्र दुरावतात आणि एकटेपणाने खिन्नता आणखी वाढते. असा हा रहाट फिरत राहतो.

मग मूळ आजार कोणता? प्रयोगशाळेत आपण एक घटक बाजूला काढून परिणाम पाहतो ना? डॉक्टरही तेच करतात. दारू थांबवून ३-४ आठवडे पाहिले, तर पुष्कळांची उदासी बरीच ओसरते. ती उरलीच, तर नैराश्य हा वेगळा आजार समजून दोन्हींवर एकत्र उपचार करतात. मात्र जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर थांबायचे नसते. उपचार लगेच हवेत. फार पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडल्यास झटके येऊ शकतात, म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे.

नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचे. तरीही मनाच्या आजाराची लाज अजून गेलेली नाही.

औषधाने झोप सुधारते, पण घरच्यांचा विश्वास हळूहळूच परततो. बाजारातून भाजी आणणे, सोबत जेवायला बसणे, अशा लहान कामांतून माणूस पुन्हा माणसांत येतो.

मित्रांनो, असे कुणी तुमच्या घरी असेल, तर तो तुमचा दोष नव्हे. विश्वासातल्या शिक्षकांना सांगा, किंवा २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. मारबत जाळून हा रोग जात नाही. उपचाराने बरे होता येते.