आजीची पैठणी विकताय? आधी पदर उलटा करून बघा

ट्रंकेतून आजीची पैठणी निघाली की लगेच दारावरच्या जरीवाल्याला हाक मारू नका, कळकळीनं सांगतेय. तो वजन करून जरी वितळवणार. विणकामाचा भाव त्याच्या तराजूत येतच नाही.

आधी पदर उलटा करा. हातमागाच्या पैठणीत नक्षीचा प्रत्येक रंग वेगळ्या कांडीनं हातानं गुंफलेला असतो, म्हणून मागची बाजू जवळजवळ पुढच्यासारखीच दिसते. मागे धागे लोंबत असतील तर ते काम बहुधा यंत्रमागाचं.

मग जरी. सुटलेला एखादा धागा भिंगाखाली धरा. खरी जरी म्हणजे सोन्याचं पाणी दिलेली चांदीची चपटी तार, रेशमावर गुंडाळलेली. जुनी झाली की ती काळवंडते, तेव्हा काळी म्हणून टाकू नका! झिजलेल्या जागी तांबूस दिसली तर आत तांबं. शंका आली तर सराफाकडे कस लावून घ्या.

आमच्या आजीच्या पदराची सगळी जमीनच जरीची आहे, वर रेशमाची आसावली, म्हणजे फुलवेलीची नक्षी. माझ्या मते खरी किंमत अशा पदरालाच. फक्त रेशीम घड्यांवर चिरलेलं नको. आणि ती पैठणी नेसलेल्या आजीचा जुना फोटो असेल तर साडीसोबतच ठेवा, साडीचं वय पटवायला कामी येतो.