महाविद्यालयीन बास्केटबॉल खेळाडूंची निवड व स्थलांतर

महाविद्यालयीन संघासाठी खेळाडू मिळवणे आणि खेळाडूने एका शिक्षणसंस्थेतून दुसरीत जाणे, या प्रक्रियांना अनुक्रमे निवड व स्थलांतर म्हणतात.

भारतात खेळाडूचा संघ त्याच्या शैक्षणिक प्रवेशावरून ठरतो. शिवाजी विद्यापीठाशी (स्थापना १९६२) संलग्न असलेल्या सातारा, सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या स्पर्धांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. कराडलगतच्या मलकापूर येथील कृष्णा विश्व विद्यापीठ मात्र अभिमत विद्यापीठ असल्याने तेथील विद्यार्थी स्वतःच्या विद्यापीठाचेच प्रतिनिधित्व करतात. त्यामुळे गाव न सोडताही, केवळ संस्था बदलल्याने खेळाडूचा विद्यापीठ संघ बदलू शकतो.

अमेरिकेत महाविद्यालये शिष्यवृत्ती देऊन खेळाडू मिळवतात. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने २०१८ मध्ये स्थलांतर इच्छुकांची संगणकीय नोंदवही सुरू केली. संस्था बदलणाऱ्या बास्केटबॉलपटूला पूर्वी सहसा एक वर्ष सामन्यांबाहेर राहावे लागे. २०२१ मध्ये पहिल्या स्थलांतरासाठी ही अट शिथिल झाली.

भारतात अशी स्वतंत्र व्यवस्था नाही. अभ्यासक्रम किंवा श्रेयांक जुळले नाहीत, तर संघ बदलणाऱ्या खेळाडूचे शैक्षणिक वर्षच वाया जाऊ शकते.