जुना लेथ घेताना काय पाहावे?

आयटीआय झालेल्या मुलाला वर्कशॉप टाकून देताना बरेच पालक जुना लेथ घेतात. साठवलेला पैसा त्यात जातो. म्हणून रंगाला भुलू नका, रंग एका दिवसात मारता येतो! पुढील तीन गोष्टी तपासा.

१) बेड : चकजवळ काम जास्त, म्हणून झीजही तिथेच जास्त. कॅरेज चकजवळ आणा. ती जेमतेम सरकेल इतका लॉकचा बोल्ट आवळा आणि टेलस्टॉककडे सरकवा. तिकडे ती घट्ट होत गेली, तर चकजवळचा बेड झिजलाय समजा. बेड ग्राइंडिंगचा खर्च मोठा असतो.

२) स्पिंडल : मशीन बंद ठेवून चक वर-खाली हलवून बघा. प्ले जाणवायला नको. मग सगळ्या स्पीडवर चालवून गिअरचा आवाज ऐका.

३) जॉब : चकमध्ये जाड सळई धरून १०० मिमी लांबी हलक्या कटने टर्न करा. दोन्ही टोकांचा व्यास मायक्रोमीटरने मोजा. फरक आला तर लेव्हलिंगही कारण असू शकते, ते सुधारता येते. बेडची झीज मात्र तशी सहज सुधारत नाही.

विकणारा म्हणाला, "आज लाइट नाही," तर लाइट असेल त्या दिवशी परत जा. मशीन चालू बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.