थांब्याचे मोल

सॅन फ्रान्सिस्को शहरात राहून दक्षिणेकडील सिलिकॉन व्हॅलीत नोकरीस जाणाऱ्यांची संख्या एकविसाव्या शतकाच्या आरंभी वाढत गेली, तेव्हा गूगल, ॲपल यांसारख्या कंपन्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी स्वतःच्या बसगाड्या सुरू केल्या. इतरांना त्यांत प्रवेश नसे. मात्र या गाड्या उभ्या राहत त्या नगराच्या सार्वजनिक बससेवेच्या, म्हणजे 'म्युनी'च्या, थांब्यांवर.

थांबा म्हणजे वरवर पाहता पदपथाच्या कडेची थोडीशी जागा. परंतु ती अडली की म्युनीच्या बसला भर रस्त्यात थांबावे लागते. उतारू वाहनांमधून वाट काढीत बसपर्यंत पोहोचतात. चाकांच्या खुर्चीतून येणाऱ्यास तर चढणेच दुष्कर होते. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने अशा ठिकाणी अन्य वाहन उभे करण्यास मनाई होती आणि दंड २७१ डॉलर होता. पण कंपन्यांच्या गाड्यांना तो क्वचितच होई.

९ डिसेंबर २०१३ रोजी मिशन विभागात आंदोलकांनी अशी एक गाडी अडविली. वाढती घरभाडी आणि भाडेकरूंची हकालपट्टी हे त्यांच्या रोषाचे मूळ. गाडी हे त्याचे डोळ्यांना दिसणारे रूप.

२१ जानेवारी २०१४ रोजी नगराच्या परिवहन मंडळाने अठरा महिन्यांच्या प्रयोगास संमती दिली. ठराविक थांबे वापरावयाचे आणि दर वेळी थांबण्याबद्दल एक डॉलर द्यावयाचा, असे ठरले. त्या वेळी म्युनीचे साधे तिकीट दोन डॉलरांचे होते! लोकांना हे खटकले, यात नवल नाही. परंतु राज्याच्या कायद्यानुसार मंडळास केवळ योजनेचा खर्च वसूल करता येत होता. त्या जागेपासून कंपनीस होणाऱ्या लाभाचे मोल मागता येत नव्हते. परवाने, देखरेख, फलक यांवरील खर्चास गाड्यांच्या थांबण्याच्या संख्येने भागावयाचे, एवढाच हिशेब. पुढे हा आकार साडेतीन डॉलरांच्या वर गेला, तोही याच रीतीने. गूगलने मात्र फेब्रुवारी २०१४ मध्ये अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांच्या मोफत प्रवासासाठी ६८ लाख डॉलर देऊ केले. देणगी घेता येते, भाडे घेता येत नाही, असा हा विचित्र पेच होता.

गाड्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे होते. त्या नसत्या तर एकट्यानेच मोटार हाकीत गेलो असतो, असे जवळजवळ निम्म्या प्रवाशांनी पाहणीत सांगितले.

फेब्रुवारी २०१६ पासून योजना पुढे चालू ठेवताना मोठ्या गाड्यांना अरुंद रस्त्यांवरून हटवून मुख्य मार्गांपुरते मर्यादित करण्यात आले.