पुसलेल्या सालाचा माग

हातोड्याने पाडलेल्या मोगल धाटणीच्या रुपयावर साल दिसत नसेल, तर ते झिजलेच असेल असे नाही. ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान असल्याने हिजरी साल बऱ्याचदा चकतीबाहेरच राही. उरलेल्या जागेत सराफ आपले छाप मारत. त्यामुळे अशा नाण्यावर आधी बादशहाचे नाव, मग जुलूस म्हणजे कारकिर्दीचे वर्ष आणि टांकसाळीचे चिन्ह शोधावे लागते.

ईस्ट इंडिया कंपनीने हा गुंता वाढवला. जुन्या सालाच्या रुपयावर सराफ बट्टा कापत. तो थांबवण्यासाठी १७९३ पासून मुर्शिदाबादी सिक्का रुपयावर शाह आलमच्या कारकिर्दीचे १९ वे वर्षच कायम ठेवले गेले. बादशहा १८०६ मध्ये वारला, तरी हा ‘सन १९’ चालूच राहिला. म्हणजे येथे साल स्वच्छ वाचता आले तरी काळ कळत नाही. तो कळतो कडेवरून. तिरप्या रेघांची कड १८१८ पर्यंतची, उभ्या रेघांची त्यानंतरची आणि गुळगुळीत कड १८३० नंतरची. नाण्याची कड सहसा कोणी पाहत नाही, हे संग्राहकाचे नुकसानच.

१८३५ मध्ये कंपनीच्या सर्व मुलखासाठी १८० ग्रेनचा एकच रुपया ठरला. त्यावर चौथ्या विल्यमचा मुखवटा आला, पण सवय मोडली नाही: १८३५ हे साल १८४० पर्यंत आणि व्हिक्टोरियाच्या रुपयावरील १८४० हे साल थेट १८६२ पर्यंत तसेच राहिले. राणीचे नाव डोक्यावरून सलग गेले असेल तर नाणे या काळाच्या पूर्वार्धातले. ‘व्हिक्टोरिया’ एका बाजूला आणि ‘क्वीन’ दुसऱ्या बाजूला असेल तर उत्तरार्धातले. पुढे मुकुटधारी राणीच्या रुपयावरही १८६२ हेच साल १८७४ पर्यंत पाडले गेले. मुंबईच्या टांकसाळीने मात्र सालाच्या वर-खाली बारीक ठिपके घातले आणि त्यांच्या संख्येवरून खरे वर्ष लावता येते. झीज झाली की हे ठिपके आकड्यांच्याही आधी जातात.

१८७४ पासून खरे साल येऊ लागले. १८७७ पासून ‘क्वीन’च्या जागी ‘एम्प्रेस’ आले. आकडे गेले तरी या शब्दाची दोन-तीन अक्षरे पुरतात. बोडक्या डोक्याचा सातवा एडवर्ड १९०३ ते १९१० एवढ्यातच बसतो. पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली आणि १९१२ मध्ये हत्तीची सोंड सुधारली गेली. म्हणून या दोन सालांतील शेवटचा आकडा पुसट असला, तर झग्याकडे पाहावे. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि कडेच्या रेघांमधून खाच फिरली. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा असल्याने चुंबकाला चिकटतो.

पुसट आकडा वाचायला महाग साधने लागत नाहीत. अंधाऱ्या खोलीत नाण्यावर अगदी आडवा प्रकाश टाकून ते हळूहळू फिरवले, की उंचवट्याची सावली पडते. पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल घासल्यासही रेषा उमटतात, मात्र चांगल्या स्थितीतल्या नाण्यावर हा प्रयोग नको. चिंच, राख किंवा आम्ल यांनी नाणे चकाकते आणि उरलासुरला आकडाही जातो.

उलट, आकडा ठळक असूनही सावध राहावे असे साल म्हणजे १९३९. सहाव्या जॉर्जचा त्या सालचा रुपया अतिशय दुर्मिळ असल्याने १९३८ चा शेवटचा आकडा कोरून ९ केलेली नाणी विकली जातात. भिंगातून त्या आकड्याभोवतीची जमीन खरवडलेली दिसली, तर ते नाणे घेऊ नये.