काठाकडून मध्याकडे

शिंप्याच्या कातरीखाली उरलेल्या चिंध्या, विरलेल्या लुगड्याचा धड राहिलेला पदर, धुऊन धुऊन मऊ पडलेलं आजोबांचं धोतर. बाळंतिणीच्या घरी एवढा ऐवज जमला की दुपट्याएवढ्या गोधडीची सोय होते. जुनं कापड घेण्यामागे काटकसर तर आहेच. पण कोऱ्या कापडातली खळ धुण्याधुण्यातून निघून गेल्याशिवाय ते तान्ह्याच्या अंगाला मऊ लागत नाही, हेही घरातल्या बायकांना पक्कं ठाऊक असतं.

कुणी गोधडी म्हणतं, कुणी वाकळ. घडण साधारण एकच. वर ठिगळांचा थर, पोटात जुनी सुती लुगडी, खाली अस्तर, आणि सगळ्यांना एकत्र धरणारा धावदोरा. ऊब येते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. टाका फार दाट पडला तर गोधडी टिकते, पण चपटी होते. विरळ पडला तर धुताना पोटातलं कापड गोळा होतं. म्हणून दोन ओळींत बोटभर अंतर राखायचं.

खरी परीक्षा चिंध्या निवडताना. सुती तुकड्याशेजारी टेरिकॉट आलं, की पहिल्याच धुण्यात सुती आटतं, टेरिकॉट आटत नाही आणि शिवणीवर चुण्या पडतात. कोरे तुकडे त्यासाठी आधी भिजवून वाळवतात. मग लहान तुकड्यांच्या पट्ट्या, पट्ट्यांचं एक पान, आणि जमिनीवर ताणलेल्या अस्तरावर ते पान पसरून कच्चे टाके. रंग जुळला नाही तर पट्टी उसवून दुसरी लावता येते. मुंबईच्या गीता खंडेलवाल स्वतः हा शिवणप्रकार करतात. महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर त्यांनी इंग्रजीत स्वतंत्र पुस्तकच लिहिलं आहे.

कर्नाटकातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात मात्र आधी पान, मग अस्तर हा क्रम मोडतो.

तिथल्या जंगलपट्टीत सिद्दी राहतात. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्यांपैकी अनेक जण निसटून या रानात शिरले. आजच्या वस्तीत त्यांचे वंशज आहेत. हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान असे तिन्ही धर्मांचे लोक त्यांच्यात आहेत, आणि त्यांच्या कोकणीत मराठी-कानडी शब्दांची सरमिसळ आहे. २००३मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला.

सिद्दी बायकांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. तिच्यात ठिगळांचं पान आधी तयार होतच नाही. अस्तराच्या एका कोपऱ्यावर पहिला तुकडा ठेवायचा, कड आत दुमडायची आणि थेट अस्तरासकट धावदोरा घालायचा. पुढचा तुकडा त्याला लागून. असं कडेकडेनं चौफेर फिरत शिवण आत सरकत जाते. जोडणं आणि थर बांधणं एकाच टाक्यात उरकतं, त्यामुळे धावदोऱ्याच्या ओळी काठाला समांतर अशा एकात एक चौकोनांसारख्या दिसतात. शेवटी मध्ये भोक उरतं. त्याच्या मापाचा तुकडा चारही बाजूंनी दुमडून तिथे बसवायचा. तान्ह्याच्या कवंदीत हे मध्य लवकर गाठलं जातं, म्हणून तुकड्यांचा अंदाज पहिल्या फेरीपासूनच घ्यावा लागतो.

चारही कोपऱ्यांवर कापड दुमडून केलेली तिकोनी ‘फुलं’ लागली, की कवंदी पुरी झाली. ख्रिस्ती घरांतल्या काही कवंद्यांवर क्रूस असतो, मुसलमान घरांतल्या काहींवर चंद्रकोर.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे कलाभ्यासक हेन्री ड्रेवाल यांनी या कामाचा बारकाईने अभ्यास केला. २००४मध्ये त्यांच्या साहाय्याने सिद्दी बायकांचा सहकारी गट उभा राहिला आणि घरच्या वापराची कवंदी विक्रीला बाहेर पडली.

बाजारात गेल्यावर दोन पद्धतींतला फरक ठळक होतो. ठिगळांचं पान शिवणयंत्रावर झटपट जोडता येतं; हाताला फक्त धावदोरा उरतो, आणि घाई असेल तर तोही यंत्रच घालतं. कवंदीत प्रत्येक तुकड्याची कड बोटांनी दुमडत, सगळे थर मांडीवर फिरवत टाका घालायचा असतो. तिथे यंत्राला सोपवण्याजोगा टप्पाच सापडत नाही.