सत्तर फुटी दीपमाळ, एका कागदात!

दोस्तांनो, चौसाळ्याहून बीडला गेलात तर खंडोबाच्या टेकडीवर चढाच. देवळासमोर दोन दीपमाळा उभ्या आहेत, दोन्ही अष्टकोनी, सुमारे ७० फूट उंच. म्हणजे २१ मीटरांहून थोड्या जास्तच. आता मीटरच्या जागी सेंटिमीटर धरा. तीच दीपमाळ वीतभर होते आणि ए-फोर कागदावर आरामात मावते!

उंची तुम्हाला स्वतःलाही मोजता येईल, तीही जमिनीवरूनच. एक मीटरची काठी उन्हात सरळ उभी करा. सकाळी एकदा आणि दुपारनंतर एकदा अशी वेळ येते, की काठीची सावली काठीएवढीच पडते. त्या क्षणी दीपमाळेची सावलीही तिच्या उंचीएवढी असते. फक्त ती बुंध्याच्या मध्यापासून धरायची. मध्यापर्यंत टेप पोचणार कसा? बुंध्याच्या कडेपासून मोजा आणि बुंध्याची निम्मी रुंदी त्यात मिळवा.

आता कागद घ्या. जुनी लग्नपत्रिका असेल तर फारच छान, जाड असते. समजा, दीपमाळेची एक बाजू खाली २ मीटर आणि वर १ मीटर रुंद आहे. कागदावर तिचा समलंब चौकोन होईल: खाली २ सेंटिमीटर, वर १. असे आठ चौकोन शेजारी शेजारी काढा. अरेच्चा, सरळ पट्टी होतच नाही! सगळी आकृती कमानीसारखी वळते. वळू द्या, ती तशीच बरोबर आहे. शेवटी चिकटवायला एक अरुंद पट्टी ठेवा.

चलाख वाचक विचारतील, बाजू आत झुकलेली आहे, मग ती सरळ उंचीपेक्षा लांब नको का? हवी! पायथागोरसला विचारलं तर आपल्या मापांत तो फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी निघतो. पेन्सिलीची रेघच तेवढी जाड असते, तेव्हा खुशाल सोडून द्या. शाई संपलेल्या बॉलपेनाने घड्यांच्या रेघा दाबून घ्या, म्हणजे कागद नेमका तिथेच दुमडेल.

घुमट मात्र कागदाला अवघड जातो. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याचा घुमट करून पाहा, सुरकुत्या पडतीलच. सपाट कागद एका दिशेने वाकतो, पण एकाच जागी दोन्ही दिशांनी फुगत नाही. गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ साली हे सिद्ध केलं. म्हणून घुमट संत्र्याच्या सालीसारखा फाकाफाकांनी कापायचा. फाका वाढवल्या की गोलाई सुधारते, पण चिकटवायच्या कडाही वाढतात. माझं मत विचाराल तर बारा फाका पुरेत.